छिन्नी खाली ठेवा : मोटरसायकलची खास हत्यारं घरच्या घरी

सर्व्हिस मॅन्युअल उघडलं की जागोजागी एकेक नंबर दिसतो : हा नट खोलायला अमुक टूल, ते बेअरिंग काढायला तमुक टूल. ते टूल गावातल्या दुकानात नसतं. मागवायचं म्हटलं तर एका नटापायी तेवढा खर्च जिवावर येतो, आणि मग छिन्नी-हातोडी बाहेर निघते. जुन्या गाडीचं इंजिन उघडल्यावर त्याच्या खुणा सगळीकडे दिसतात. गोल नटाच्या खाचा चेपलेल्या, मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या फिरत्या वाटीच्या) काठावर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे, चाकाच्या हबमध्ये बेअरिंगचं घर सैल. यातलं बरंचसं नुकसान गाडी पळून झालेलं नसतं, ती खोलताना झालेलं असतं.

खास हत्याराचं काम चारांपैकी एकच असतं. ते काहीतरी धरून ठेवतं, ओढतं, दाबतं किंवा मोजतं. पर्याय बनवण्याआधी दोन गोष्टी बघायच्या : मूळ हत्यार पार्टच्या कोणत्या जागेला टेकतं, आणि लावलेला जोर कुठून कुठे जातो. या दोन गोष्टी जुळल्या की दांडा सळईचा असो की पाण्याच्या पाईपचा, काम तेच होतं. त्या जुळल्या नाहीत तर महागातलं हत्यारसुद्धा पार्ट फोडतं.

सामान भंगारातच असतं. सर्व्हिस झालेल्या गाडीच्या जुन्या क्लच प्लेटा, काढलेली बेअरिंगं, ट्रकच्या पाट्याचा तुकडा, एक इंची जीआय पाईप आणि मीटरभर थ्रेडेड रॉड एवढ्यावर निम्मी हत्यारं होतात. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांत आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुट्या गोट्या (सॉकेट), पाईप पाने आणि पट्ट्या मिळतात. व्हर्नियर कॅलिपर मात्र चांगला घ्या. पुढचं सगळं त्याच्या मापावर उभं आहे.

चार खाचांचा गोल नट

स्प्लेंडरच्या घराण्यातल्या इंजिनांत क्लच कव्हरच्या आत ऑइल फिल्टरचा रोटर असतो आणि तो चार खाचांच्या गोल नटाने धरलेला असतो. रस्त्याकडेचा मेकॅनिक खाचेत छिन्नी तिरकी लावतो आणि हातोडीने नट फिरवतो. नट निघतोही. पण प्रत्येक ठोका क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य शाफ्टच्या) टोकावर आडवा बसतो, खाचेची कड बाहेर वळते आणि पुढच्या वेळी तिथे कोणतंच हत्यार नीट बसत नाही. शिवाय छिन्नीने परत आवळलेला नट किती आवळला ते कुणालाच ठाऊक नसतं.

याची गोटी घरी करता येते, आणि मन लावून करावी असं हे हत्यार आहे. आधी चार मापं घ्या : नटाचा बाहेरचा व्यास, खाचेची रुंदी, खाचेची खोली आणि नटातून बाहेर आलेल्या शाफ्टचा व्यास. मग जुनी गोटी किंवा जाड भिंतीचा पाईप पाना असा शोधा, की त्याचं तोंड नटाच्या चेहऱ्यावर टेकेल आणि शाफ्ट त्याच्या आत मोकळा राहील. भिंत ३ मिमीपेक्षा पातळ असेल तर नको, दात वाकतात.

गोटीच्या तोंडाला मार्करने काळं करा, नटावर टेकवा आणि खाचांच्या जागा टोकदार सुईने आखा. समोरासमोरच्या दोन खाचा आधी आखायच्या, मग उरलेल्या दोन. ९० अंशाचा कोन डोळ्याने धरू नका. दातांच्या मधला भाग कापायचा, दात राखायचे. दाताची रुंदी सुरुवातीला खाचेपेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवा आणि कानशीने उतरवत आणा. शेवटी दात खाचेत हाताने दाबून बसला पाहिजे, डगडगता कामा नये. उंची खाचेच्या खोलीपेक्षा किंचित कमी ठेवा. दात तळाला टेकला आणि गोटीचा चेहरा नटावर टेकलाच नाही तर आवळताना हत्यार वर उसळतं.

क्रोम-व्हॅनेडियमची गोटी करवतीला दाद देत नाही, तिथे ग्राइंडर लागतो. पातळ, १ मिमीची कटिंग डिस्क घ्या आणि दोन-तीन सेकंद कापलं की पाण्यात बुडवा. धातूवर निळसर रंग चढला तर तेवढ्या भागाचं पाणी (कडकपणा) उतरलं समजा. तो दात पहिल्याच जोराला मुडपतो. साध्या पाईपची गोटी केली तर दातांच्या बाहेरून एक घट्ट कडी वेल्ड करा, म्हणजे जोर आल्यावर दात बाहेर पसरणार नाहीत. कडी बसवायला आजूबाजूला जागा आहे ना, हे आधी तपासा. रोटर आणि गिअर यांच्यातलं अंतर कमी असतं.

नट खोलण्याआधी खाली वाकवलेल्या टॅबचा लॉक वायसर आहे का ते बघा, आणि असेल तर तो सरळ केल्याशिवाय जोर लावू नका. बसवताना वायसर नवा घ्या.

क्रँक थांबवायचा कसा

नट फिरवायचा तर शाफ्ट थांबला पाहिजे. गाडीला चेन असेल तर टॉप गिअर टाकून मागचा ब्रेक दाबून ठेवणं ही पहिली युक्ती, आणि क्लच हबच्या नटाला बहुतेक वेळा ती पुरते. क्रँकवरच्या नटाला तसं चालत नाही, कारण मध्ये क्लच घसरतो.

दोन गिअरांच्या दातांत मऊ धातूचा तुकडा अडकवणं ही जुनी रीत आहे. तो धातू अ‍ॅल्युमिनियम किंवा तांबं हवा. पूर्वी १० आणि २० पैशांची नाणी अ‍ॅल्युमिनियमची असत, ती या कामाला उत्तम. हल्लीचं १ किंवा २ रुपयांचं नाणं मात्र घालू नका. ते स्टेनलेस स्टीलचं असतं आणि कडक केलेल्या दाताचा टवका उडवू शकतं. जुनी नाणी नसतील तर स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे ३ मिमी अ‍ॅल्युमिनियम पट्टीचे तुकडे मिळतात. तुकडा दात जिथे एकमेकांत शिरतात त्या बाजूला ठेवायचा. नट खोलताना आणि आवळताना ही बाजू बदलते. काम झाल्यावर तुकडा बाहेर काढून बघा : जितका आत गेला तितका बाहेर आला पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमचा कण ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

दुसरी रीत दोरीची, आणि मला ती जास्त आवडते, कारण जोर पिस्टनच्या सगळ्या माथ्यावर सारखा पसरतो. प्लग काढा आणि विणलेली नायलॉनची दोरी प्लगच्या भोकातून आत सोडा. प्लगचे आटे १० मिमीचे असतील तर ५ मिमीची दोरी, १४ मिमीचे असतील तर ७-८ मिमीची. साधारण मीटरभर दोरी आत जाते. बाहेरच्या टोकाला मोठी गाठ मारलेली असू द्या.

फोर-स्ट्रोकमध्ये दोरी सोडताना पिस्टन कॉम्प्रेशनवर हवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. एखादा व्हॉल्व्ह उघडा असताना दोरी दाबली गेली तर तो वाकतो. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये वेगळा धोका आहे : पिस्टन खाली असताना दोरी सोडली तर ती पोर्टमध्ये शिरते आणि पिस्टनच्या कडेने कातरली जाते. म्हणून पिस्टनने एक्झॉस्ट पोर्ट पूर्ण झाकल्यावरच दोरी घाला. दिशेचंही भान ठेवा. नट ज्या दिशेला फिरवायचा त्या दिशेला क्रँक फिरल्यावर पिस्टन वर यायला हवा. खोलताना पिस्टन टॉपच्या एका बाजूला असेल, तर आवळताना दुसऱ्या बाजूला लागतो.

याच दोरीने हेड न काढता व्हॉल्व्ह सील बदलता येतात. दोरी व्हॉल्व्हला खालून आधार देते, त्यामुळे स्प्रिंग दाबून लॉक काढले तरी व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडत नाही.

क्लच होल्डर

क्लच हबला पाईप रेंचने किंवा पकडीने धरणं म्हणजे हबची बोटं मोडायला बोलावणं. हब अ‍ॅल्युमिनियमचा असतो. कंपनीचं होल्डर हबच्या सगळ्या खाचांत एकदम बसतं. घरी तेच काम जुन्या स्टील प्लेटा करतात, कारण त्यांचे आतले दात त्याच हबसाठी कापलेले असतात.

त्याच मॉडेलच्या तीन जुन्या स्टील प्लेटा एकावर एक ठेवा, दात जुळवून घ्या आणि क्लॅम्पने दाबा. एकच प्लेट घेतली तर ती जेमतेम दीड-दोन मिमी जाडीची असते आणि हबच्या अरुंद पट्टीवर सगळा जोर येतो. बाहेरच्या कडेला समोरासमोर असे चार टाके मारा. सलग वेल्डिंग केलं तर प्लेटा उन्हात टाकलेल्या पापडासारख्या वाकतात आणि हबवर चढत नाहीत. मग २५ × ५ मिमीची लोखंडी पट्टी, ४० सेंटिमीटर लांब, कडेला वेल्ड करा. पट्टी सरळ ठेवून भागत नाही. इंजिनाच्या कव्हरची कड आडवी येते, म्हणून पट्टीला दोन ठिकाणी वाकवून पायरी द्यावी लागते. पायरीची उंची गाडीवर मोजूनच ठरवा.

धरताना दांडा इंजिनाच्या कव्हरच्या कडेवर टेकवू नका. गॅस्केटची ती जागा चेपली की तिथून ऑइल झिरपतं. दांडा फूटरेस्टच्या पाईपला टेकवा, नाहीतर दुसऱ्या माणसाला धरायला द्या.

मॅग्नेट पुलर : हा विकतच घ्या

मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसलेला असतो आणि तो मधूनच ओढला गेला पाहिजे. तीन पायांचा पुलर बाहेरच्या कडेला लावला की वाटी वाकते, बॉसचे (मधल्या जाड भागाचे) रिव्हेट ढिले होतात, आतली चुंबकं सुटू शकतात. मागून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर कॉइल आणि क्रँककेस दोन्ही जायबंदी. जुळणारा पुलर स्पेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. त्याचे आटे मॉडेलप्रमाणे बदलतात, काहींचे उलटेही असतात, म्हणून गाडीचं नाव सांगूनच घ्या आणि आधी हाताने शेवटपर्यंत फिरवून बघा. दोन-तीन आट्यांवर लावलेला पुलर मॅग्नेटचे आटे घेऊन बाहेर येतो, आणि मग खरंच अडचण होते.

पुलरचा बोल्ट चांगला आवळा आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक कोरडा ठोका द्या. निमुळता जोड त्या धक्क्याने सुटतो. नाही सुटला तर अजून थोडा आवळा, पुन्हा ठोका. परत बसवताना दोन्ही निमुळते पृष्ठभाग पेट्रोलने पुसून कोरडे करा. तिथे ग्रीस लावायचं नसतं. पकड त्या कोरड्या घर्षणाची असते, चावीचं (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्याचं) काम फक्त टायमिंगची जागा दाखवण्याचं.

बेअरिंग काढणं आणि बसवणं

भारतातल्या पुष्कळ गाड्यांच्या चाकात ६३०१ नंबरचं बेअरिंग असतं : आतून १२, बाहेरून ३७ आणि रुंदीला १२ मिमी. एकाच नियमावर सगळं काम चालतं. बेअरिंग हबमध्ये घट्ट बसतं, म्हणून जोर बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर ठोकलं तर तो जोर गोळ्यांमधून जातो आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात. असं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर चांगलं वाटतं आणि काही दिवसांत घरघरू लागतं.

काढताना मात्र आतल्या कड्यावर मारण्यावाचून इलाज नसतो, म्हणून निघालेलं बेअरिंग पुन्हा वापरायचं नाही. दोन बेअरिंगांच्या मधली नळी आतून एका बाजूला सरकवा, समोरच्या बेअरिंगच्या कड्याची थोडी कड दिसेल. तिथे १० मिमी सळईचा, टोकाला काटकोनात घासलेला पोगर लावा आणि समोरासमोर, आळीपाळीने ठोके द्या. एकाच बाजूला मारत राहिलात तर बेअरिंग तिरकं होऊन हबचं घर ओरबाडतं.

मागून रस्ताच नसेल, म्हणजे बेअरिंग एका बाजूने बंद असलेल्या भोकात असेल, तर भिंतीत बसवायचा अँकर बोल्ट कामाला येतो. ज्याची बाही बेअरिंगच्या भोकात जेमतेम सरकते असा घ्या. तो आत घालून नट आवळला की बाही फुगते आणि आतलं कडं पकडते. मग दोन लाकडी ठोकळ्यांवर जाड पट्टी टेकवा, तिच्या भोकातून बोल्टचे आटे वर काढा आणि पट्टीवर दुसरा नट आवळत बेअरिंग वर ओढा.

बसवायला ठोकाठोकीपेक्षा थ्रेडेड रॉड बरा. ६३०१ साठी एम१० रॉड घ्या, म्हणजे १२ मिमीच्या भोकातून तो मोकळा जातो. दोन्ही बाजूंना नट आणि जाड चकत्या लागतात. बाजारातले पातळ वायसर बशीसारखे वाकतात, त्यापेक्षा ६ मिमी पट्टीचे भोक पाडलेले चौकोनी तुकडे टिकतात. नव्या बेअरिंगवर दाबायला जुनंच ६३०१ वापरायचं. त्याचा बाहेरचा व्यास ग्राइंडरवर फिरवत अर्धा मिमी उतरवला की ते हबमध्ये अडकत नाही. त्याची आणि नव्याची बाहेरची कडी एकावर एक बसतात, पण आतली कडीही एका पातळीत असतात. म्हणून जुन्याचं आतलं कडं त्या चेहऱ्यावर थोडं घासून खाली घ्या. रॉडच्या आट्यांना आणि चकतीखाली ग्रीस लावा, नाहीतर रॉडच पीळ खातो.

त्याआधी उष्णतेची मदत घेतली तर जोर निम्म्याहून कमी लागतो. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हब हवेच्या तापमानापेक्षा ८० अंशांनी गरम केला तर ३७ मिमीचं घर सुमारे ०.०७ मिमी मोठं होतं. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेलं बेअरिंग साधारण ०.०२ मिमी आकसतं. हे आकडे छोटे दिसतात, पण बेअरिंगची घट्टपणाची मापं याच पट्टीतली असतात. गरम करायला हॉट एअर गन घ्या आणि हबवर पाण्याचा थेंब टाका. तो चुर्रकन उडाला की पुरे. फ्रीजरमध्ये बेअरिंग पॉलिथिनच्या पिशवीत बंद ठेवा आणि शेवटच्या क्षणी काढा. कोकणात पावसाळ्यात उघड्या थंड बेअरिंगवर बघता बघता दव धरतं.

मधली नळी विसरणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक. पहिलं बेअरिंग खांद्यापर्यंत पूर्ण बसवा, मग नळी घाला, मग दुसरं बेअरिंग ओढा आणि त्याचं आतलं कडं नळीला टेकताक्षणी थांबा. त्यापुढे ओढलं तर दोन्ही बेअरिंगांवर आडवा ताण कायमचा राहतो आणि ती तापून जातात.

हँडलचा कोन सेट

कोन सेट म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती वरची आणि खालची बेअरिंगं. फ्रेमच्या नळीतला खालचा कप काढायला आत पोगर टेकवायला कड मिळत नसेल, तर कपच्या आतल्या बाजूने वेल्डिंगची एक बारीक सलग रेघ गोल फिरवा. वेल्ड थंड होताना आकसतं आणि कपही सोबत आकसतो. मग तो पोगरच्या हलक्या ठोक्याने सुटतो. कधी कधी आपसूकच खाली पडतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टरही काढा. अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ फ्रेमला लावा, लांब चाकाला लावलात तर करंट बेअरिंगांमधून जाईल.

नवे कप बसवायला तोच थ्रेडेड रॉड, पण एम१२ किंवा एम१६. स्टेमवरची (हँडलसोबत फिरणाऱ्या मधल्या दांड्यावरची) खालची रेस (बेअरिंगचं कडं) बसवायला एक इंची जीआय पाईप चालतो. मध्यम जाडीचा असेल तर तो आतून २७ मिमीच्या आसपास असतो, म्हणून स्टेमचं माप घेऊन बघा. पाईपचं तोंड कानशीने अगदी काटकोनात करा. त्याच पाईपच्या दुसऱ्या टोकाला दात कापले की वरच्या खाचांच्या नटाचा पाना तयार. स्क्रूड्रायव्हर ठोकून तो नट आवळणाऱ्याला किती आवळला याचा अंदाजच येत नाही. कोन सेट जास्त आवळला की गोळ्या एकाच जागी खड्डे पाडतात आणि हँडल मध्यावर अडखळू लागतं.

पुढचे शॉकअप

पुढच्या शॉकअपचा, म्हणजे फोर्कचा, खालचा अ‍ॅलन बोल्ट फिरवला की आतली दांडीच सोबत गरगर फिरते. फोर्क उघडण्याआधी, स्प्रिंग आत असतानाच, फोर्क दाबून धरून बोल्ट ढिला करून बघा. नाही झाला तर दांडीचं वरचं तोंड धरावं लागतं. काही गाड्यांत तिथे षट्कोनी खोबण असते. तिच्या मापाचा बोल्ट शोधा (एम१२ चं डोकं १९ मिमी, एम१४ चं २२ आणि एम१६ चं २४ हे बाजारातले नेहमीचे आकार) आणि तो लांब सळईला वेल्ड करा. खोबण गोल असेल तर बाभळीचा दांडा चौकोनी निमुळता तासून वरून ठोकायचा. बाभूळ कडक असते, कडा लगेच चुरत नाहीत. बोल्टखालचा तांब्याचा वायसर नवा घाला, जुना ठेवलात तर तिथूनच ऑइल टपकतं.

ऑइल सील बसवायला पीव्हीसी पाईप. २०२१ पूर्वीच्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चा फोर्क पाईप ३५ मिमीचा आहे. त्यावर शेतीच्या ४० मिमी पाईपचा तुकडा बहुधा सरकतो, कारण तिथे ४० हे बाहेरचं माप असतं. दुकानातच फोर्क पाईप घालून बघा. हा पाईप सीलच्या आतल्या रबरावर टेकेल, म्हणून थेट वापरू नका. नव्या सीलवर जुनं सील ठेवा आणि त्यावर पाईपने ठोका. जुन्या सीलला आधी एका ठिकाणी चीर द्या, नाहीतर ते नव्याच्या मागोमाग आत जाऊन बसतं. सील घालण्याआधी फोर्क पाईपच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढून तिला ऑइल लावा, म्हणजे सीलची ओठपट्टी कडेवर कापली जात नाही. सर्क्लिपची (सीलला अडवणाऱ्या कडीची) खाच सगळीकडून पूर्ण दिसली की सील बसलं.

सामानाच्या काट्याने टॉर्क

टॉर्क म्हणजे नट-बोल्टला पिळणारा जोर. टॉर्क रेंचचं काम इतकंच : पान्याच्या टोकाला किती जोर लागला ते सांगणं. प्रवासात बॅग तोलायचा ५० किलोचा डिजिटल काटा तेच सांगतो. बोल्टच्या मध्यापासून काट्याचा हुक जिथे अडकवला तिथपर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्या. त्याने न्यूटन-मीटरला भागा, आलेल्या आकड्याला ९.८१ ने भागा. काट्यावर तेवढे किलो दिसले की थांबायचं.

अंतर २५ सेंटिमीटर धरलं तर १० न्यूटन-मीटरला ४.१ किलो, २५ ला १०.२ किलो आणि ६० ला २४.५ किलो येतात. २४ किलो एकट्याने सावकाश ओढणं कठीण जातं. पाईप लावून अंतर ४० सेंटिमीटर केलं की तेच ६० न्यूटन-मीटर १५.३ किलोत होतात.

हुक सरकू नये म्हणून रिंग पान्याच्या दुसऱ्या रिंगमध्येच अडकवा. काटा पान्याशी काटकोनात ओढला पाहिजे. कोन ७५ अंश झाला तर टॉर्क साडेतीन टक्क्यांनी कमी पडतो, तेवढं चालून जातं. ६० अंश झाला तर १३ टक्के कमी पडतो. म्हणून अंतिम आकडा येईल तेव्हा कोन बरोबर असेल अशा बेताने पाना सुरुवातीलाच बसवा. जोर हळूहळू वाढवा. झटका दिला तर काट्यावरचा आकडा मागे राहतो आणि बोल्ट पुढे जातो. वापरण्याआधी ५ लिटर पाणी भरलेला कॅन टांगून काट्याची खात्री करा : पाण्याचे ५ किलो अधिक रिकाम्या कॅनचं वजन.

आटे स्वच्छ आणि कोरडे हवेत, मॅन्युअलमध्ये ऑइल लावायला सांगितलं नसेल तर. ऑइल लागलेल्या आट्यावर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो, आणि अ‍ॅल्युमिनियममधला एम६ बोल्ट त्याच वेळी आटे सोडतो. एक्सल, स्प्रॉकेट, ड्रेन बोल्ट, हँडलचे क्लॅम्प यांना ही रीत बिनधास्त वापरा. हेडचे नट आडव्या-तिरक्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे असतील तरी चालते, फक्त घाई नको. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टला मात्र खरा टॉर्क रेंचच लागतो.

छोट्या गोष्टी

साइड स्टँडची स्प्रिंग ओढायला पकड नको, निसटली की डोळ्यावर येते. स्प्रिंग व्हाइसमध्ये एका बाजूला वाकवून उघडलेल्या फटींत वायसर सरकवा, मग दुसऱ्या बाजूला वाकवून तसंच करा. स्प्रिंग लांब होते, हाताने हुकात बसते. स्टँड हलवून वायसर एकेक काढून घ्या. तरीही चष्मा घाला.

जुन्या यामाहा-होंडाच्या इंजिन कव्हरच्या चौफुलीच्या स्क्रूंवर पुष्कळदा एक ठिपका असतो. तो जपानी घाटाचा स्क्रू. साधा फिलिप्स त्यातून वर चढतो आणि खाच खाऊन टाकतो. बिटाच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा, स्क्रूच्या डोक्यावर एक ठोका द्या आणि मगच फिरवा.

ब्रेकची हवा काढायला ५० मिलीची सिरिंज आणि पारदर्शक नळी पुरते. खालच्या निपलमधून हळू फ्लुइड वर ढकला, बुडबुडे वरच्या टाकीत जातात. टाकी भरून वाहू लागण्याआधी थांबा, फ्लुइड रंग खातं. सांडलंच तर लगेच पाणी ओता. ही सिरिंज फक्त ब्रेकचीच ठेवा. ऑइलचा किंवा पेट्रोलचा अंश ब्रेकमध्ये गेला तर कॅलिपर आणि मास्टर सिलिंडरचे रबर फुगतात आणि ब्रेक जाम होतो. एबीएसच्या गाडीत टाकी कधीच रिकामी होऊ देऊ नका. मॉड्युलेटरमध्ये हवा शिरली तर ती काढायला काही मॉडेलना स्कॅनर लागतो.

जे करू नये

मागच्या मोनोशॉकची स्प्रिंग थ्रेडेड रॉडने दाबायचे व्हिडिओ फिरतात. त्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर साठलेला असतो, साधा रॉड तुटला तर थांबवायला काहीच नसतं. ते काम योग्य कॉम्प्रेसर असलेल्याकडे द्या. टॅपेटचं फीलर गेजही (व्हॉल्व्हची फट मोजायच्या पातळ पात्या) विकत घ्या. दाढीचं दुधारी ब्लेड ०.१ मिमीचं असतं आणि तेवढ्या एका मापाला ते चालेल, पण ०.०५ आणि ०.०८ यांतला फरक त्याने कळत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंपाच्या पुढच्या नळीला साधी पीव्हीसी नळी जोडून दाब बघायला जाऊ नका. तिथे साधारण ३ बार दाब असतो, आणि नळी निसटली तर पेट्रोलचा फवारा गरम सायलेन्सरवर जातो. इंजिनाखाली विटा रचून गाडी उभी करणंही त्यातलंच. वीट आडव्या धक्क्याने फुटते. लाकडी ठोकळे घ्या आणि पुढचं चाक दोन्ही बाजूंनी अडवा.